अधुरी राहिलेली शिक्षा

माझी आई पाच वर्षं फरीदाबादला आली नाही. त्याआधी ती दरवर्षी थंडी सरता सरता यायची. बार्शीकडच्या आमच्या गावाहून एसटीने सोलापूर, तिथून रेल्वे, आणि निजामुद्दीनला उतरताना एका हातात शेंगाचटणीचा डबा, दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. महिना-दीड महिना राहायची, माझ्या स्वयंपाकघरातले डबे स्वतःच्या मनासारखे लावून टाकायची, आणि ती परत गेली की मला आठवडाभर जिरं सापडायचं नाही. त्या पाच वर्षांत माझं जिरं जागच्या जागी होतं. मला ते बघवत नव्हतं.

न येण्याची कारणं ती दरवर्षी नवी द्यायची. गुडघा, म्हैस व्यायची वेळ, शेजारणीच्या मुलीचं लग्न, एकदा तर दिल्लीचं पाणी. ‘‘आई, नाचता येईना अंगण वाकडं असं चाललंय तुझं,’’ मी फोनवर म्हणायची. ती हसायची नाही. पूर्वी हसली असती.

मी शाळेत मराठी शिकवते. रोज मेट्रोने फरीदाबादहून निघते, मध्ये गाडी बदलते आणि पहाडगंजला पोचते. माझ्या वर्गातली मुलं घरी मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी बोलतात, त्यामुळे त्यांच्या वहीत दोन्ही भाषा एकाच ताटात कालवलेल्या असतात. ते निवडत बसणं हे माझं काम. मला दुसऱ्याचे शब्द दुरुस्त करायची इतकी खोड आहे की नवरा म्हणतो, यमदूत न्यायला आला तरी तू आधी त्याचे अनुस्वार तपासशील. स्वभावाने मी तापट आहे. राग आला की तो बाहेर पडेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही, आणि आईवरचा राग बाहेर काढायला आई समोर असावी लागते, ती तर नव्हती.

हे सगळं माझ्या मुलाच्या आजारापासून सुरू झालं. तो आठ-नऊ महिन्यांचा असल्यापासून त्याचा कान वाहायचा. मग छातीत कफ, मग न्यूमोनिया, बरा झाला की पुन्हा कान. चार वर्षांचा होईतो आम्ही फरीदाबादचे एवढे डॉक्टर पाहिले की कुठल्या दवाखान्यात कुठलं मासिक ठेवलेलं असतं हे मला पाठ होतं. शेवटी दिल्लीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागला. आई तेव्हा आमच्याकडेच होती. नातवाला घरी ठेवून जमणार नव्हतं आणि आईला नातवाशिवाय जमणार नव्हतं, म्हणून आम्ही चौघं गेलो.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. घाई असलेल्या, पण माणसाकडे बघून बोलणाऱ्या. त्यांनी मुलाला आ करायला लावला, टॉर्च मारला, आणि पुन्हा मारला.

‘‘इसके टॉन्सिल कहाँ हैं?’’ त्या म्हणाल्या.

एवढ्या डॉक्टरांनी घसा पाहिला होता, आणि सगळे म्हणाले होते, सूज नाही, काही नाही. काही नाही म्हणजे खरोखरच काही नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आई माझ्या मागच्या बाकावर बसली होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

रक्ताचे रिपोर्ट यायला दिवस लागले. मग आम्हाला पुन्हा बोलावलं. आई पुन्हा मागच्याच बाकावर बसली, आणि बाईंनी कागद घेतला. आमच्या घराण्याचं चित्र काढायचं होतं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. त्यांनी विचारलं, ‘‘मायके में कोई लड़का बचपन में गुज़रा है?’’

मी म्हटलं, हो, माझ्या पाठचा भाऊ. चार वर्षांचा होता. न्यूमोनिया.

त्यांनी एक चौकोन काढला, पेनने पूर्ण काळा केला, आणि त्यावर तिरकी रेघ ओढली. आमच्या घरात तीस-पस्तीस वर्षं ज्याचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं तो एवढा झाला. मग त्यांनी मला आणि नवऱ्याला समजावून सांगितलं. ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण मी ते वहीत उतरवून घेत होते.

‘‘देखिए, बीमारी से लड़ने वाली कोशिकाएँ हड्डी के अंदर तैयार होती हैं. वहीं उनकी पूरी शिक्षा होती है, एक क्लास के बाद दूसरी. आगे भेजने का इशारा एक एंज़ाइम देता है. आपके बेटे में वो एंज़ाइम काम नहीं करता. इसलिए हड्डी के अंदर ही शिक्षा अधूरी रह गई. इसके मामा की भी शिक्षा ऐसे ही अधूरी रही होगी. वही अब इसमें आई है.’’

त्या एंझाइमला तीन इंग्रजी अक्षरांचं नाव आहे, बीटीके. मी ते वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. पेशी म्हणजे काय, हाडातल्या मज्जेत त्या कशा वाढतात, पुढच्या पायरीवर जायचा निरोप त्यांना कसा मिळतो, आणि तो मिळाला नाही तर त्या तिथेच कशा संपतात, हे मी पुढे इतकं वाचलं की विज्ञानाच्या सरांचा तास घेऊ शकले असते. औषध होतं. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं दर महिन्याला सलाईनसारखी चढवायची. जन्मभर चढवायची, पण मूल जगणार होतं, शाळेत जाणार होतं. मी बाईंच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली. बाईंनी त्या कागदावर शेवटी, आई मुलाला घेऊन बाहेर गेल्यावर, दोन गोलांच्या मधोमध ठिपके दिले होते, एक माझ्या गोलात आणि एक आईच्या. हा दोष बायकांना त्रास देत नाही, त्यांच्यातून फक्त पुढे जातो आणि मुलग्यांना गाठतो. आईकडून माझ्याकडे, माझ्याकडून मुलाकडे. मी तो कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला. आईने आधीच एक मुलगा गमावलेला, आता तो तुझ्याचमुळे गेला हे तिला कशाला सांगायचं? नवऱ्यालाही बजावलं. घरी आल्यावर आईला म्हटलं, ‘‘औषध आहे, बरा राहील.’’ तिने मान डोलावली. ‘‘डॉक्टरीणबाई बोलल्या ते कळलं मला,’’ ती म्हणाली. मालिका बघून बघून तिला हिंदी चांगलं कळायला लागलं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

चार दिवसांनी ती निघाली. महिनाभर राहायचं ठरलेलं, पण तिला अचानक गावाकडचं सगळं आठवायला लागलं. स्टेशनवर नातू तिला बिलगायला गेला तर तिने त्याला हाताने थोडं दूर धरलं, एखाद्या गरम भांड्याला धरतात तसं. गाडी हलायच्या आधी ती म्हणाली, ‘‘जाते मी.’’

आपल्यात निघताना कुणी जाते म्हणत नाही. येते म्हणतात. घरातली लहान मुलंही हे चुकत नाहीत. ‘‘येते म्हण, आई,’’ मी खिडकीतून म्हटलं. माझी खोड. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि गाडी हलली.

मग ती पाच वर्षं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. आज काय खाल्लं त्याने, कान वाहिला का, सलाईन कधी आहे, रात्री खोकला का. एकेक बारकावा विचारायची. पण ‘‘घे, त्याच्याशीच बोल’’ म्हटलं की दूध उतू जायचं किंवा दारात कुणीतरी यायचं. व्हिडिओ कॉल तिने एकदाही घेतला नाही. मुलगा सात वर्षांचा असताना एकदा त्याने विचारलं, ‘‘मम्मा, आजी माझ्याशी कट्टी आहे क्या? मैंने क्या किया?’’ मी म्हटलं, तसं काही नाही, आजीला फोन धरता येत नाही. त्या दिवशी शाळेत मी एका मुलीला ऱ्हस्व-दीर्घावरून इतकी बोलले की ती रडली. वड्याचं तेल वांग्यावर. नंतर मी तिला जवळ घेतलं, पण बोललेलं बोलून झालं होतं.

दर महिन्याला आम्ही सलाईनसाठी जायचो तेव्हा त्या हॉलमध्ये आज्याच आज्या असायच्या. पंजाबी, बिहारी, गढवाली. कुणी नातवाला पराठ्याचा घास भरवतंय, कुणी पाय चेपून देतंय. एका आजीने माझ्या मुलालाही रेवडी दिली आणि विचारलं, ‘‘तेरी दादी-नानी नहीं आती?’’ तो म्हणाला, ‘‘नानी दूर रहती है.’’ तो घरी तिला आजी म्हणतो, बाहेर नानी. मी बाटलीतले थेंब बघत बसले. मला माझी आई हवी होती. चाळिशी उलटलेल्या बाईने असं म्हणणं शोभत नाही, पण त्या हॉलमध्ये मला फक्त तेवढंच हवं होतं. तिच्या लुगड्याला येणारा चुलीचा आणि निरम्याचा मिळून वास, तिने माझ्या हातातली पिशवी ओढून घेऊन ‘‘सर, बस तू’’ म्हणणं. मुलाच्या आजाराशी मी लढले, पण आईशिवाय लढले, याचा राग मला आजाराहून जास्त आला होता.

त्या काळात मी दोनदा एकटी गावी जाऊन आले, दोन-दोन दिवसांसाठी. आई वाळली होती. एकवेळ जेवायची, तेही आळणी. गादी सोडून नुसत्या फरशीवर झोपायची. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘नवस आहे.’’ कसला? ‘‘नवस सांगायचा नसतो.’’ मी चिडले. नवसाला आळणी खातेस, आणि नातवाला बघायला येत नाहीस! शेवटी माझ्या तोंडून निघालं, ‘‘त्याच्या आजाराची किळस येते का तुला?’’

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. ‘‘तसं समज,’’ म्हणाली.

ते वाक्य घेऊन मी दीड दिवसाचा प्रवास केला. नवऱ्यालाही सांगितलं नाही. माझी आई अशी नव्हती, हे मला ठाऊक होतं, आणि तरी तिने तसं म्हटलं होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते मला कळत नव्हतं. पुढे पुढे मी तिचे फोनही तुटकपणे घ्यायला लागले.

गेल्या वर्षीची गोष्ट. सहावीच्या मुलांना मी निबंध दिला होता, मुलांचे हक्क. मधल्या सुट्टीत वह्या तपासत होते. दिल्लीतच जन्मलेल्या, वर्गातल्या सगळ्यात गुणी मुलाने टपोऱ्या अक्षरात पहिलं वाक्य लिहिलं होतं: ‘शिक्षा हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे.’ पुढे, ‘गरीब मुलांना शिक्षा मिळत नाही. सरकारने सर्वांना मोफत शिक्षा द्यावी.’ मी एकटीच मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी हसले. असलं काही सापडलं की पूर्वी मी पहिला फोन आईला करायची, आणि सवयीने बोट तिच्याच नावावर गेलं. शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून मी तिला वाचून दाखवलं.

‘‘अगं, शिक्षा हक्क कसा असेल?’’ आई म्हणाली.

‘‘तेच तर! दिल्लीची पोरं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण ना. त्याला लिहायचं होतं शिक्षण, आणि लिहून बसला शिक्षा.’’

मला वाटलं फोन कटला.

‘‘आई?’’

‘‘काय म्हणालीस? हिंदीत शिक्षा म्हणजे काय?’’

‘‘शिक्षण. शाळेत शिकतात ते.’’

‘‘मार नाही? दंड नाही?’’

‘‘नाही गं. त्याला ते लोक सज़ा म्हणतात.’’

मग तिचा आवाज आला, पण तो इतका बारीक होता की मी दुसरा कान बोटाने बंद केला.

‘‘मग त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ती कसली शिक्षा?’’

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मला एकदम सगळं ऐकू आलं, तिच्या कानांनी. हड्डी के अंदर शिक्षा. मामा की शिक्षा अधूरी रही. वही अब इसमें आई है. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पोरांच्या वह्यांत मी हाच शब्द लाल पेनने दर महिन्याला खोडत आले होते, आणि माझ्या मागच्या बाकावर बसलेल्या माझ्या आईने तो कसा घेतला असेल हे मला पाच वर्षांत सुचलं नव्हतं.

घंटा झाली. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना मी हाताने खूण केली, माझा तास बघा म्हणून.

‘‘आई, तुला काय वाटलं होतं?’’

‘‘तुला आठवतं ना,’’ ती म्हणाली, ‘‘मी त्याला बाहेर उभं केलं होतं.’’

मला आठवत होतं. मी सात वर्षांची होते, माझा भाऊ चार. पौषातली संध्याकाळ. त्याने आईच्या नव्या लुगड्याचा काठ कात्रीने कापून झेंडा केला होता आणि तो मला दाखवत अंगणभर पळत होता. आईने त्याला दाराबाहेर उभं केलं आणि कडी लावली. मी आत पाढे म्हणत बसले होते. बाहेरून त्याचा आवाज यायचा, ‘‘आई, दार उघड. मी शहाणा झालो.’’ आणि आई चुलीपुढून म्हणाली होती, ‘‘आणखी थोडा हो.’’

फार वेळ नव्हता तो. भाकऱ्या होईपर्यंतचा. पण दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला, आणि आठ दिवसांत तो गेला. कान त्याचा तान्हेपणापासून वाहत होता, छाती दर महिन्याला भरत होती, पण आईच्या लेखी ते सगळं पुसलं गेलं आणि ती एक संध्याकाळ तेवढी उरली. तालुक्याचे डॉक्टर दरवेळी त्याचा घसा बघून म्हणायचे, ‘‘घशात काहीच नाही. भिऊ नका.’’

‘‘मला वाटलं,’’ आई फोनवर सांगत होती, ‘‘बाईंना रक्तात दिसलं. मी त्याला शिक्षा केली ती अर्धीच झाली, तो मध्येच गेला, म्हणून उरलेली माझ्या नातवाच्या हाडात आली. म्हटलं, ही माझी आहे, मीच फेडावी. आणि त्या लेकरापासून लांब राहावं. माझा हात लागेल तिथं वाईटच होतंय.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीस?’’

‘‘काय सांगू? तुझ्या भावाला मी मारलं म्हणून सांगू?’’

मला राग यायला हवा होता, त्या शब्दावर, डॉक्टरबाईंवर, स्वतःवर. पण राग आला नाही. मी पायरीवर बसून पहिल्यांदा आईला तो आजार मराठीत सांगितला, जो मी पाच वर्षांपूर्वीच सांगायला हवा होता. आपल्या पुस्तकात एंझाइमला विकर म्हणतात, पण तो शब्द मी टाळला. तिने विकार ऐकला असता आणि आणखी पाच वर्षं गेली असती.

मी म्हटलं, ‘‘आई, शाळेत शिपाई असतो ना, वर्गावर्गात नोटीस घेऊन जाणारा? ही पोरं पास झाली, यांना वरच्या वर्गात बसवा, असा निरोप नेणारा? हाडाच्या आत रक्तातल्या पेशींची तशीच शाळा असते. आपल्या दोन्ही पोरांच्या शाळेत तो शिपाईच नव्हता. पेशी खालच्या वर्गात बसून राहिल्या, निरोप आलाच नाही, आणि त्या तिथेच मेल्या. म्हणून रोगाशी लढायला अंगात कुणी तयारच झालं नाही. हे जन्माच्या आधीपासून होतं. त्या संध्याकाळी तो तुझ्या कुशीत, गोधडीत झोपला असता ना, तरी त्याला तो ताप आला असता. नाहीतर पुढच्या महिन्यात आला असता.’’

‘‘दारात उभं केल्यानं नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘शपथ. नाही.’’

‘‘मग शिपाई का नव्हता?’’

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. याच्याच भीतीने मी तो कागद चार घड्या करून ठेवला होता. तिला वाचवायला म्हणून मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यातच ती पाच वर्षं फरशीवर झोपली. आता पुन्हा लपवणं मला शक्य नव्हतं.

‘‘तुझ्याकडून आला तो दोष, आई. तुझ्याकडून माझ्यात, माझ्यातून त्याच्यात. आपल्याला काही होत नाही, पण आपण देतो.’’

मी डोळे मिटून घेतले. पलीकडे कोंबडं ओरडत होतं.

‘‘एवढंच?’’ आई म्हणाली. ‘‘अगं, नाक तुझं माझ्यासारखं आहे, ते काय मी ठरवून दिलं? माझं माझ्या आईसारखं.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘तू म्हणून मला सांगितलं नव्हतंस? वेडी गं वेडी.’’

एवढंच! जिची मला पाच वर्षं धास्ती होती ती गोष्ट तिने नाकावर नेली आणि सोडून दिली. जे आपल्या हाताने केलं नाही त्याचं तिला ओझं नव्हतं. जे हाताने केलं त्याचंच होतं.

त्याच महिन्याच्या शेवटी ती आली. निजामुद्दीनला मुलगा माझ्या मागे लपला, नऊ वर्षांचा घोडा. आई पिशव्या खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली, आणि दोघांनाही सुरुवात कशी करायची ते कळेना. मग तिने दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. ‘‘आजी, आवाज़ कैसे आया? पुन्हा कर,’’ तो म्हणाला. तिने पुन्हा केलं. पहिल्या रात्री तिने मीठ घातलेली आमटी खाल्ली आणि म्हणाली, ‘‘खारट केलीस.’’ खारट नव्हती.

आठवड्याने त्याची सलाईनची तारीख होती. ती आमच्याबरोबर आली. नर्सने सुई लावली तेव्हा तो तिला दाखवत होता, हे असं फिरवलं की थेंब हळू पडतात, हे असं केलं की जलदी, घाई झाली तर डोकं दुखतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. तो गोष्टीचं पुस्तक उघडून वाचायला लागला, तशी ती माझ्याकडे वळली.

‘‘कुणाचं आहे हे?’’

‘‘पुष्कळ लोकांचं. रक्त देतात त्यांच्यातून काढतात. त्यांच्या अंगातले सैनिक महिनाभर याला उसने मिळतात.’’

‘‘ओळखीचे नाहीत?’’

‘‘नाहीत.’’

तिने त्या बाटलीला हात जोडले. मग तिने मला विचारलं, बाटलीवरची नजर न काढता, ‘‘हे तेव्हा होतं का?’’

कधी, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. मी वाचलं होतं. जगात होतं. माझा भाऊ आमच्या घरात धापा टाकत होता तेव्हा दूर कुठल्या कुठल्या देशांत असल्या मुलांना हे देत होते आणि ती मुलं मोठी होत होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांना अचूक शब्द वापरायला शिकवत आले. त्या दिवशी मी एक सैलसा शब्द शोधला, ज्यात घर, गाव, तालुका, देश, काहीही बसतं.

‘‘आपल्याकडे नव्हतं, आई.’’

‘‘नव्हतं.’’

‘‘नव्हतं.’’

शेजारच्या खुर्चीवरचं बाळ रडून झोपलं. मग आई म्हणाली, ‘‘मग आता मला त्याची आठवण काढायला हरकत नाही.’’

मी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की आई त्याला विसरू बघते आहे, म्हणून नाव घेत नाही. तिने स्वतःला परवानगीच दिली नव्हती. तिचे डोळे भरले होते, आणि ती चक्क हसत होती.

‘‘मुंगळ्यांना साखर घालायचा बघ तो,’’ ती म्हणाली, ‘‘आणि मग मोजायचा. पाचापर्यंतच यायचं त्याला. पाच झाले की पुन्हा एकपासून. रांग संपायची नाही आणि ह्याचे पाच संपायचे नाहीत. तुला आठवतं?’’

मला आठवत होतं. त्याच्या शेजारी मीच बसलेली असायची.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘सांग.’’